जिवाणूचा फ्लॅजेलम वळवळतो की फिरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने फुटाळ्याच्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला. त्यात युग्लिना हा एकपेशीय सजीव होता आणि त्याचा फ्लॅजेलम, म्हणजे पोहण्यासाठीचा शेपटीसारखा धागा, वळवळताना स्पष्ट दिसला. पुस्तकात मात्र जिवाणूचा फ्लॅजेलम ‘रोटेट’ होतो असं लिहिलंय. मग जिवाणूचा खरोखर गोल फिरतो का? फिरत असेल तर त्याला ऊर्जा एटीपीतूनच, म्हणजे पेशीच्या नेहमीच्या इंधन-रेणूतूनच मिळते ना? आणि प्रॅक्टिकलला हँगिंग ड्रॉपमध्ये, म्हणजे कव्हरस्लिपला लटकवलेल्या थेंबात, सगळंच हलताना दिसतं, तेव्हा मोटाईल (स्वतःहून पोहणारा) कोण हे ठरवायचं कसं?

तर, फिरतो. अगदी मुळापासून, अक्षाभोवती, पूर्ण फेऱ्या मारत. आणि एटीपीवर चालत नाही. युग्लिनाचा फ्लॅजेलम आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा फ्लॅजेलम यांना एकच नाव पडलंय हा निव्वळ इतिहास आहे, कारण दोन्ही सापडले तेव्हा आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. युग्लिनाच्या फ्लॅजेलममध्ये मायक्रोट्यूब्यूल्सच्या (प्रथिनांच्या बारीक नळ्यांच्या) नऊ जोड्या कडेला आणि दोन मध्ये असतात, डायनिन नावाचं प्रथिन एटीपी खर्चून त्यांना एकमेकांवर सरकवतं आणि त्यामुळे फ्लॅजेलम वाकतो. तो पूर्ण लांबीभर जिवंत, काम करणारा अवयव आहे. जिवाणूच्या फ्लॅजेलमचा बाहेर दिसणारा भाग स्वतःहून काहीच करत नाही. सगळं काम मुळाशी, पेशीच्या आवरणात रुतलेली मोटर करते. हा फरक एकदा पक्का झाला की पुढचं बरंच काही आपोआप सुटत जातं.

फिरतो हे कळलं कसं, ते आधी सांगतो, कारण मला तो प्रयोग फार आवडतो. १९७३ पर्यंत बहुतेकांचा समज होता की फ्लॅजेलमवरून लाट जाते. त्या वर्षी हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी तोवरचे पुरावे एकत्र मांडून म्हटलं की हे सगळं फक्त फिरण्यानेच जुळतं. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी ते डोळ्यांनी दाखवलं. फिलामेंट, म्हणजे फ्लॅजेलमचा बाहेरचा लांब धागा, इतका बारीक, साधारण २० नॅनोमीटर, की साध्या मायक्रोस्कोपमध्ये तो फिरताना दिसणं शक्यच नाही. म्हणून त्यांनी उलटं केलं. ज्यांना फिलामेंट नाही, फक्त लांबलेला हुक (मोटर आणि फिलामेंट यांना जोडणारा तुकडा) आहे अशा ई. कोलायच्या पेशी घेतल्या आणि हुकविरुद्धच्या अँटिबॉडीने तो हुक काचेला चिकटवून टाकला. आता हुक जागचा हलू शकत नाही. मोटर चालूच आहे, मग फिरणार कोण? अख्खी पेशी. एक मायक्रॉन रुंद, दोन मायक्रॉन लांब पेशी काचेवर एका बिंदूभोवती गोल गोल फिरताना साध्या फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली दिसली. थोडा वेळ एका दिशेला, मग मध्येच थबकून उलट दिशेला. वळवळ असती तर पेशी मागेपुढे झुलली असती, सलग एकाच दिशेने फेऱ्या मारल्या नसत्या. युट्यूबवर अशा टेदर्ड सेलचे (काचेला बांधलेल्या पेशींचे) व्हिडिओ आहेत, एकदा जरूर बघा. आकृती दहादा काढण्यापेक्षा ते दोन मिनिटं बघणं जास्त कामाचं आहे.

आता रचना. तीन भाग सगळ्यांना पाठ असतात: फिलामेंट, हुक आणि पेशीच्या आवरणात रुतलेली बेसल बॉडी. फिलामेंट म्हणजे फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाच्या हजारो प्रतींची पोकळ, मळसूत्री नळी. एका पूर्ण फिलामेंटमध्ये २० हजारांच्या घरात प्रती असतात, ११ उभ्या ओळींत रचलेल्या, आणि लांबी सहज पाच-दहा मायक्रॉन, म्हणजे पेशीच्या काही पट. मधली पोकळी फक्त २ नॅनोमीटर. हुक साल्मोनेला या जिवाणूत साधारण ५५ नॅनोमीटर लांब आणि वाकडा. फिलामेंट कडक, पण हुक लवचिक. पेशीच्या बाजूला असलेल्या मोटरचं फिरणं तो वळवून मागच्या दिशेला पोचवतो. ई. कोलायसारख्या, अंगभर फ्लॅजेला (फ्लॅजेलमचं अनेकवचन) असलेल्या जिवाणूत हुक हवा तसा वाकला नाही तर सगळ्या फिलामेंट्सची एक जुडी बनणारच नाही.

हे सगळं बांधलं जातं कसं, हा भाग अभ्यासक्रमात दोन ओळींत उरकतात. माझ्या मते तोच सगळ्यात रंजक आहे. फिलामेंट केसासारखा मुळाकडून वाढत नाही, टोकाकडून वाढतो. फ्लॅजेलिन पेशीत तयार होतं, बेसल बॉडीच्या तळाशी असलेल्या एक्स्पोर्ट यंत्रणेतून, घडी उलगडलेल्या अवस्थेत, त्या २ नॅनोमीटरच्या पोकळीत ढकललं जातं आणि थेट टोकापर्यंत जातं. टोकावर फ्लि-डी या प्रथिनाच्या पाच प्रतींची टोपी बसलेली असते. तिच्या खाली पोचलेला प्रत्येक फ्लॅजेलिन घडी घालून आपल्या जागी बसतो आणि टोपी थोडी वर सरकते. फिलामेंट जसजसा लांबतो तसतशी वाढ मंदावते, कारण कच्च्या मालाला जास्त लांबचा प्रवास करावा लागतो. तुटला तर पुन्हा वाढतो.

आणि पेशीला कसं कळतं की हुक पूर्ण झाला, आता फ्लॅजेलिन बनवायला घ्या? हुकची लांबी फ्लि-के हे प्रथिन मोजतं. हुक पुरेसा झाला की एक्स्पोर्ट यंत्रणा आपली निवड बदलते: हुकचं प्रथिन पाठवणं बंद, पुढच्या टप्प्याची प्रथिनं सुरू. त्या वेळी फ्लग-एम नावाचं प्रथिनही त्याच पोकळीतून बाहेर फेकलं जातं. हे फ्लग-एम तोवर पेशीत सिग्मा-२८ या, जनुकं चालू करणाऱ्या घटकाला अडवून बसलेलं असतं. ते गेलं की सिग्मा-२८ मोकळा होतो आणि फ्लॅजेलिनचं जनुक चालू होतं. म्हणजे बाहेरचं बांधकाम एका टप्प्याला आलं, हा निरोप आतल्या जनुकांना त्याच नळीतून मिळतो. फ्लॅजेलम आणि केमोटॅक्सिस (रसायनांच्या दिशेने किंवा त्यांच्यापासून दूर जाणं) मिळून ५० च्या आसपास जनुकं गुंतलेली असतात, एवढा खर्च जिवाणू उगाच करत नाही. म्हणूनच ही जनुकं सदासर्वकाळ चालू नसतात, आणि याचा प्रॅक्टिकलशी थेट संबंध आहे. त्याकडे शेवटी येतोच.

बेसल बॉडीबद्दल बऱ्याच नोट्समध्ये जुनी आकृती चालत आलीये. १९७१ मध्ये डीपँफिलिस आणि ॲडलर यांनी ई. कोलायची बेसल बॉडी सुटी करून चार रिंगा दाखवल्या: एल, पी, एस आणि एम. नंतर लक्षात आलं की एस आणि एम या वेगळ्या रिंगा नाहीतच, फ्लि-एफ या एकाच प्रथिनाची ती एक रिंग आहे, म्हणून आता एमएस रिंग म्हणतात. आणि तिच्या खाली, सायटोप्लाझमच्या बाजूला, आणखी एक मोठी रिंग असते, सी रिंग: फ्लि-जी, फ्लि-एम, फ्लि-एन यांची. जुन्या पद्धतीत सुटी करताना ती गळून पडायची, म्हणून कुणाला दिसली नव्हती. खरी गंमत तिच्यातच आहे, कारण सी रिंग हाच रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आणि दिशा बदलायचा स्विचही. एल आणि पी रिंगा फिरत नाहीत. बाहेरच्या पटलात आणि पेप्टिडोग्लायकनमध्ये (पेशीभित्तिकेच्या कडक जाळीत) त्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्या मधून दांडा फिरतो.

रोटरच्या भोवती स्टेटर, म्हणजे त्याला ढकलणारे, जागेवर बसवलेले भाग असतात, ई. कोलायमध्ये एका मोटरला ११ पर्यंत. प्रत्येक स्टेटरमध्ये मॉट-ए या प्रथिनाच्या पाच आणि मॉट-बी च्या दोन प्रती. हे गणित २०२० मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने ठरलं. त्याआधीच्या पुस्तकांत चार आणि दोन असं सापडेल. मॉट-बी पेप्टिडोग्लायकनला घट्ट बांधलेलं असतं. पेशीबाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी, शिवाय पटलावर विद्युतदाब असतोच. हे प्रोटॉन स्टेटरमधून आत येतात तेव्हा मॉट-ए चं पंचक मॉट-बी भोवती फिरतं आणि त्याच्या कडेला टेकलेल्या फ्लि-जी ला, म्हणजे पर्यायाने रोटरला, पुढे ढकलतं. एका पूर्ण फेरीला हजारावर प्रोटॉन खर्च होतात. प्रोटॉनांच्या या आत-बाहेरच्या फरकातून मिळणारी ऊर्जा म्हणजे प्रोटॉन मोटिव्ह फोर्स. ती श्वसनातून तयार होते आणि एटीपी सिंथेज एटीपी बनवतं तेही त्याच साठ्यावर. म्हणून तोंडी परीक्षेत ‘ऊर्जा कुठून?’ असं विचारलं तर एटीपी म्हणू नका. बांधकामाच्या वेळी एक्स्पोर्टला एटीपीची मदत होते ते खरं, पण फिरवायला नाही. व्हिब्रिओ या जिवाणूच्या ध्रुवीय (पेशीच्या टोकावरच्या) फ्लॅजेलमची मोटर प्रोटॉनऐवजी सोडियमवर चालते. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसमध्ये ती सेकंदाला १७०० फेऱ्यांपर्यंत मोजली गेलीये. ई. कोलायची मोटर भार कमी असेल तर ३०० च्या आसपास जाते, प्रत्यक्ष पोहताना १०० च्या घरात.

भार वाढला की काम करणाऱ्या स्टेटरांची संख्याही वाढते, कमी झाला की काही सुटून पटलात तरंगू लागतात. चालू मोटरमध्ये सुटे भाग घालायचे आणि काढायचे, तेही ती न थांबवता! माणसाने बनवलेल्या किती मोटरींना हे जमतं?

दिशा कशी बदलते तेही आता नीट कळलंय. स्टेटर फिरतो एकाच दिशेने. फॉस्फेट लागलेलं ची-वाय हे प्रथिन सी रिंगला येऊन चिकटलं की रिंगचा आकार बदलतो आणि फ्लि-जी स्टेटरच्या एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला टेकतो. फिरत्या चाकाच्या विरुद्ध कडांवर ढकल उलट दिशेची असते, त्यामुळे रोटर उलटा फिरू लागतो.

आता पोहणं. इथे आपल्या अंगवळणी पडलेली समज कामाची नाही. मे महिन्यात वर्धा रोडवर पातळ झालेल्या डांबरात कुणी पोहायला उतरलं तर जसं वाटेल तसं ई. कोलायला साधं पाणी वाटतं. इतक्या लहान आकारात चिकटपणा सगळं ठरवतो, जडत्वाला काही किंमतच राहत नाही. जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर, म्हणजे रेनॉल्ड्स क्रमांक, एकाच्या लाखाव्या भागाच्या आसपास. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेलने १९७७ मध्ये हिशोब मांडला होता: मोटर बंद केली तर जिवाणू अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरात थांबतो. अशा ठिकाणी एक हालचाल पुढे करून तीच मागे घेतली तर पेशी जिथल्या तिथे येते. वल्हं मागेपुढे मारून काही साधत नाही. मळसूत्र मात्र फिरत राहिलं की पुढे सरकतच राहतं. युग्लिनासुद्धा साधं मागेपुढे करत नाही, त्याच्या फ्लॅजेलमवरून लाट जाते, तो त्याचा वेगळा तोडगा.

ई. कोलायचे फिलामेंट डाव्या वळणाचे असतात. टोकाकडून पेशीकडे पाहिलं तर मोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरते तेव्हा सगळे फिलामेंट मागे एकत्र येऊन जुडी बनते आणि पेशी सरळ पोहते, सेकंदाला २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट. याला रन म्हणतात. एखादीही मोटर घड्याळाच्या दिशेने फिरली की तिचा फिलामेंट जुडीतून सुटतो, त्याचं वळणही बदलून उजवं होतं, पेशी लडखडते. हा टंबल. रन साधारण एक सेकंदाचा, टंबल त्याच्या दहाव्या भागाचा. नवी दिशा नशिबावर, फक्त पूर्णपणे नाही: बर्ग आणि ब्राउन यांनी १९७२ मध्ये मोजलेला सरासरी कोन ६८ अंश होता.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात, मग अन्नाकडे जातो कसा? तो स्टिअरिंग फिरवत नाही. परिस्थिती सुधारत असेल तर टंबल पुढे ढकलतो, एवढंच. अ‍ॅस्पार्टेट किंवा सेरीन ही अमिनो आम्लं पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटली की ची-वाय ला फॉस्फेट पुरवणाऱ्या ची-ए या प्रथिनाची क्रिया मंदावते, ची-वाय वर फॉस्फेट कमी लागतं, रन लांबतो. आणि ‘सुधारतेय’ हे कळायला आठवण लागते. ती रिसेप्टरवर मिथाइल गट लावून (हे काम ची-आर प्रथिनाचं) आणि काढून (हे ची-बी चं) ठेवलेली असते. गेल्या एका सेकंदाची तुलना त्याआधीच्या सुमारे तीन सेकंदांशी होते. याहून लांब आठवण ठेवून उपयोगही नाही, कारण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी पेशी स्वतःच वळत जाते आणि दहाएक सेकंदांत तिची मूळ दिशा पुसली जाते.

आता हँगिंग ड्रॉप. दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला कुणीतरी ओरडतंच, “सर, हे तं सगळंच हलून राहिलं!” बरोबर आहे, सगळंच हलतं. मेलेले जिवाणूही ब्राउनियन धक्क्यांनी थरथरतात, पण जागच्या जागी. थेंबात प्रवाह असेल तर सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने वाहत जातात. मोटिलिटी म्हणायची ती शेजारच्या दोन पेशी वेगवेगळ्या दिशांना, एकमेकींना ओलांडून जाताना दिसल्या तरच. एक पेशी निवडा आणि तिच्यावरून नजर काढू नका. सरळ गेली, थबकली, भलत्याच दिशेला गेली, झालं तुमचं उत्तर. कव्हरस्लिपजवळ काही पेशी गोल चकरा मारतात, तेही खऱ्या पोहण्याचंच लक्षण आहे. फिलामेंट एका दिशेला फिरतात आणि पेशीचं अंग उलट दिशेला, काचेजवळ त्या दोन्हींवर पडणारा रोध सारखा राहत नाही, म्हणून वाट वळते. शंका राहिली तर त्याच कल्चरच्या दुसऱ्या थेंबात फॉर्मालिन घालून शेजारी ठेवा आणि दोन्हींची तुलना करा.

कंडेन्सर खाली, आयरिस जवळजवळ बंद, आधी १०एक्सवर थेंबाची कड शोधायची, मग ४०एक्स. कड का? सुडोमोनाससारखे हवाप्रेमी तिथेच गोळा होतात. स्लाइडवर साबणाचा अंश नको. कल्चर काही तासांचं, कोवळं हवं, व्होर्टेक्स मिक्सरवर जोरात ढवळलेलं नको, फिलामेंट तुटतात. ग्लुकोजचा भरपूर पुरवठा असलेलं माध्यमही नको. ग्लुकोज मिळालं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू घटतो आणि फ्लॅजेलाची जनुकं चालूच होत नाहीत. पोटभर जेवलेल्याला भटकायची गरज नसते.

आणि नागपूरकरांसाठी खास. पुस्तकात ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते २२ ते २५ अंश. मेमध्ये आपल्या लॅबमधली खोली ते तापमान कधीच पाहत नाही. लिस्टेरिया २५ अंशांना टंबलिंग मोटिलिटी दाखवतो, ३७ ला फ्लॅजेला जवळपास बनवतच नाही. यर्सिनिया एंटेरोकोलिटिकाचंही तसंच. ई. कोलायसुद्धा ४२ अंशांच्या पुढे फ्लॅजेला बांधणं सोडतो. बाकावर ठेवलेली ट्यूब उन्हाळ्यात निगेटिव्ह आली तर तो निकाल जिवाणूचा नाही, खोलीचा आहे. बीओडी इनक्युबेटर (खोलीपेक्षा थंडही ठेवता येणारा) वापरा. कूलरचा झोत मायक्रोस्कोपवर आला की थेंबात प्रवाह सुरू होतो, तेव्हा तोही वळवा.

मोटिलिटी तपासायची दुसरी पद्धत म्हणजे सेमी-सॉलिड आगार: ०.३ ते ०.४ टक्के, सरळ सुईने टोचायचं आणि त्याच रेषेतून सुई बाहेर काढायची. क्लेबसिएला रेषेपुरता वाढतो, ई. कोलाय बाजूला धुकं पसरवतो. सुडोमोनासला खाली ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे तो फक्त वरच्या थरात पसरतो. त्याला नॉनमोटाईल ठरवू नका. फ्लॅजेला रंगवायचा असेल तर लाइफसन पद्धत: टॅनिक ॲसिडचा थर बसून फिलामेंट जाड होतो म्हणून दिसतो. स्लाइड तेलकट नको, थेंब तिरप्या काचेवरून ओघळू द्यायचा, पसरवायचा नाही, आचेवर फिक्स करायचा नाही.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाणार असाल तर फ्लॅजेलम तिथे रोज भेटतो. विडाल या टायफॉइडच्या रक्तचाचणीतलं एच अँटिजेन म्हणजे साल्मोनेलाचं फ्लॅजेलिन. ट्यूबमध्ये एचचे गोळे कापसासारखे सैल दिसतात आणि हलवल्यावर सहज विरतात, ओ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या अँटिजेनचे बारीक, दाणेदार. फ्लॅजेलिनचा बाहेरचा भाग प्रजातींगणिक बदलतो आणि अँटिबॉडी त्याच्याविरुद्ध बनते. आतला गाभा मात्र बदलत नाही, आपल्या पेशींवरचा टीएलआर-५ हा रिसेप्टर तोच ओळखतो. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूने तो गाभाही बदलून या पहाऱ्यातून सुटका करून घेतलीये. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ एकाच ध्रुवीय, आवरणवाल्या फ्लॅजेलमवर सणकन जातो आणि ओ१ अँटिसीरम (त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी असलेला द्रव) घातलं की जागीच थांबतो. शेतीकडे वळणार असाल तर विदर्भातल्या कागदी लिंबावरचा खैऱ्या रोग बघा. तो घडवणारा झँथोमोनास एका ध्रुवीय फ्लॅजेलमचा धनी आहे, पावसाच्या थेंबांनी उडून पानावर पडतो आणि ओल्या पानावर पर्णरंध्रातून किंवा नागअळीने केलेल्या जखमेतून आत शिरतो. लेप्टोस्पायरासारख्या स्पायरोकीट्सचे, म्हणजे मळसूत्री आकाराच्या जिवाणूंचे, फ्लॅजेला बाहेर नसतातच, दोन पटलांच्या मध्ये गुंडाळलेले असतात आणि फिरले की अख्खं अंगच मळसूत्रासारखं फिरतं.

परीक्षेत आकृती मागितली तर जिवाणू कोणता ते आधी वाचा. ई. कोलाय असेल तर एल, पी, एमएस आणि सी. बॅसिलस असेल तर एल आणि पी काढू नका, त्याला बाहेरचं पटलच नाही. एमएस आणि सी मात्र दोन्हींत काढा, स्टेटर एमएसच्या कडेने दाखवा आणि प्रोटॉनचा बाण बाहेरून आत.